मिडवे, ४ जून १९४२ : विमानांची स्केल मॉडेल्स. आधी वेळ ठरवा, मग किट उघडा

सुकाणू

मिडवेच्या लढाईतली (दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरात झालेली अमेरिका-जपान विमानवाहू जहाजांची लढाई) विमानं करणाऱ्यांसाठी सगळी माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा काढतोय. किट कुठल्याही कंपनीचं घ्या, पण निप्पर (किटचे भाग कापायची कात्री) हातात धरण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहा : आपलं विमान किती वाजताचं?

दिवस एकच, ४ जून १९४२. तरी सकाळी सातला एंटरप्राइझ या अमेरिकन विमानवाहू जहाजाच्या डेकवर उभं असलेलं डॉन्टलेस (सूर मारून बॉम्ब टाकणारं अमेरिकन विमान) आणि सव्वादहानंतर कागा या जपानी जहाजावर सूर मारणारं डॉन्टलेस ही मॉडेल म्हणून दोन वेगळी विमानं आहेत. पहिल्याची चाकं खाली, फ्लॅप मिटलेले, पोटाखाली बॉम्ब. दुसऱ्याची चाकं आत, छिद्रांचे फ्लॅप वर-खाली उघडलेले, मागचा गनर शेपटीकडे तोंड करून बसलेला. वेळ न ठरवता जोडायला घेतलं की चाकं खाली, वरचे-खालचे दोन्ही फ्लॅप सताड उघडे आणि बॉम्ब गायब, असं कुठल्याच क्षणाचं नसलेलं विमान तयार होतं.

ढोबळ वेळापत्रक असं : साडेनऊच्या आगेमागे अमेरिकन जहाज हॉर्नेटच्या टॉर्पेडो एट पथकाचा हल्ला. १०:२० ते १०:३० मध्ये कागा, अकागी, सोर्यू या जपानी जहाजांवर डॉन्टलेसचा हल्ला. दुपारी बाराच्या सुमारास चौथं जपानी जहाज हिर्यू याच्या व्हॅल विमानांचा (सूर मारून बॉम्ब टाकणारी) अमेरिकन जहाज यॉर्कटाउनवर हल्ला, पावणेतीनच्या आसपास केट या टॉर्पेडो विमानांचा. संध्याकाळी पाचनंतर हिर्यूवर हल्ला. यातला एक क्षण निवडा. बॉम्ब, फ्लॅप, चाकं, माणसं हे सगळं त्यावरून आपोआप ठरतं.

किटबद्दल थोडक्यात. १/४८ मध्ये (खऱ्याच्या ४८ पट लहान) डॉन्टलेससाठी अॅक्युरेट मिनिएचर्सचा साचा अजून उत्तम आहे. तो इतर कंपन्यांच्या डब्यांतूनही आलेला आहे, त्यामुळे डबा बघून फसू नका, आतले स्प्रू (भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी) बघा. डेव्हास्टेटरसाठी (अमेरिकन टॉर्पेडो विमान) ग्रेट वॉल हॉबी, वाइल्डकॅटसाठी (अमेरिकन फायटर) तामिया किंवा एड्वार्ड, झीरोसाठीही (जपानी फायटर) हेच दोघे. १/७२ मध्ये एअरफिक्सचे नवे वाइल्डकॅट, झीरो आणि केट स्वस्त आणि चांगले आहेत. जागेचा हिशेब आधी करा : १/४८ ला डॉन्टलेसचे पंख २६४ मिमी, झीरोचे २५०, डेव्हास्टेटरचे तब्बल ३१७. १/७२ ला हेच आकडे १७६, १६७ आणि २१२.

करडानिळा

चांगला धागा. चिन्हांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

अमेरिकन नौदलाने मे १९४२ मध्ये ताऱ्याच्या मधला लाल ठिपका आणि शेपटीच्या रडरवरचे लाल-पांढरे पट्टे काढून टाकायला लावले. लाल गोल दिसला की जपानी समजून आपलीच माणसं गोळ्या झाडायची, हे कारण. म्हणजे कोरल समुद्राच्या लढाईत (४ ते ८ मे) ठिपका आणि पट्टे आहेत, मिडवेत दोन्ही नाहीत. यॉर्कटाउन दोन्हीकडे होती, म्हणून तिच्या विमानांची डिकॅल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) घेताना फार सांभाळा. किटमध्ये लाल ठिपक्याचे तारे आले असतील तर ते मिडवेला चालणार नाहीत.

आता यातली मॉडेलच्या कामाची गोष्ट. ठिपका काढला म्हणजे त्यावर पांढरा रंग मारला, आणि रडरचे पट्टे निळ्या-करड्याने झाकले. हा रंग ताजा, बाकीचं विमान महिनोन्महिने उन्हात आणि खाऱ्या हवेत विटलेलं. म्हणून ताऱ्याच्या मधोमध किंचित स्वच्छ पांढरा गोल आणि आजूबाजूपेक्षा अर्धी छटा गडद रडर दाखवला की विमान नेमकं त्या महिन्याचं होतं. सगळ्या धडावर वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) आणि धूळ चढवल्यावरच रडर वेगळं मास्क करून ताज्या रंगाचा एक पातळ हात मारा. आधी मारलात तर पुढच्या वॉशमध्ये फरक बुडून जातो.

रंग : वरून नॉन-स्पेक्युलर ब्लू ग्रे, खालून लाइट ग्रे, दोन्ही मॅट. मिस्टर कलर कंपनीच्या रंगांमध्ये ३६७ हा ब्लू ग्रेला जवळचा. खालच्या बाजूला ३१५ वापरून शेवटी मॅट कोट द्यायचा. दोन्ही रंगांमधली रेघ मास्किंग टेपने धारदार काढू नका. ती मऊ असते. ब्लू-टॅकची (पुन्हा काढता येणारी चिकट पुट्टी) वळकटी लावून १/४८ ला साधारण १ मिमीचा धूसर काठ सोडला की पुरे.

तळेगावकर

डॉन्टलेसच्या फ्लॅपवर सविस्तर लिहितो, कारण या विमानाचा चेहराच तो आहे.

किटमधला फ्लॅप प्लॅस्टिकचा, म्हणजे खऱ्याच्या मानाने जाड. छिद्रं आरपार असली तरी जाडीमुळे ती बोगद्यासारखी दिसतात, आणि जुन्या १/७२ किटमध्ये तर नुसते खळगे असतात. उपाय दोन.

पहिला, फोटोएच (रसायनाने कोरलेला पत्रा) पितळी फ्लॅप. पातळ, छिद्रं स्वच्छ. पण पितळेला प्लॅस्टिकचा गोंद धरत नाही, सुपरग्लूच लागतो, आणि वाकवताना छिद्रांच्या रांगेवरच घडी पडते. दोन स्टीलच्या पट्ट्यांत दाबून एका झटक्यात वाकवा, बोटांनी नको.

दुसरा, किटचाच फ्लॅप पातळ करणं. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून चिकटवा. फ्लॅपच्या मागे मास्किंग टेपची घडी करून मूठ बनवा आणि आतली बाजू आठच्या आकड्यात घासा. एकाच दिशेने घासलं की एक कड पातळ, एक जाड होते. दर वीस-पंचवीस फेऱ्यांनी उजेडाकडे धरून बघा. खळग्यांच्या जागी प्लॅस्टिक पारभासक दिसायला लागलं की थांबा. मग प्रत्येक खळग्याच्या मध्यावर सुईने टोचा, ०.५ मिमी ड्रिलने आरपार जा, शेवटी ०.८ ने मोठं करा. थेट ०.८ लावलं तर ड्रिल घसरतं आणि रांग वाकडी होते. एक वाकडं छिद्र शंभर सरळ छिद्रांत आधी दिसतं. आतून निघालेला बर (छिद्राच्या कडेची खरखर) पातळ गोंदाचा ब्रश एकदाच फिरवून बसवा.

रंग मारताना पातळ आणि दुरून. छिद्रांत रंगाचा पडदा बसला तर तो ओला असतानाच एअरब्रशने नुसती हवा मारून उडवता येतो. वाळल्यावर पुन्हा ड्रिल.

उघडे कुठले आणि कधी : सूर मारताना बाहेरच्या पंखांचे वरचे-खालचे दोन्ही आणि पोटाखालचा मधला. उतरताना फक्त खालचे. डेकवर बॉम्ब लावून उभ्या विमानाचे मिटलेले.

मृणाल_प

बॉम्बबद्दल भर घालते. एंटरप्राइझची दोन पथकं एकाच वेळी गेली, पण ओझं वेगळं होतं. बॉम्बिंग सिक्सच्या पोटाखाली १००० पौंडी. स्काउटिंग सिक्सच्या पोटाखाली ५०० पौंडी, आणि काहींच्या पंखांखाली आणखी दोन १०० पौंडी. किटमध्ये बहुतेक वेळा सगळे बॉम्ब येतात, म्हणून स्काउटिंगच्या एस अक्षराची डिकॅल्स लावून १००० पौंडी टांगायचा मोह होतो. तेवढा टाळा.

यॉर्कटाउनच्या बॉम्बिंग थ्रीचा प्रमुख मॅक्स लेस्ली याचं विमान करणार असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बॉम्ब सज्ज करायच्या विजेच्या खटक्यात दोष होता. वाटेतच त्याचा आणि आणखी तिघांचा बॉम्ब समुद्रात पडला. तरी लेस्लीने सोर्यूवर सूर मारला, फक्त मशीनगनने. त्यामुळे सूर मारतानाचं लेस्लीचं विमान दाखवायचं तर पोटाखाली रिकामा पाळणाच हवा. बॉम्ब पंख्याच्या फेऱ्याबाहेर नेणारा हा इंग्रजी वायच्या आकाराचा दांडा किटमध्ये जाड येतो. ०.५ मिमी पितळी तारेचा करून बसवला तर रिकामा असूनही नजरेत भरतो.

खलाशी४२

डबा घेताना : एसबीडी हे डॉन्टलेसचंच नौदलातलं नाव, आणि एसबीडी-५ चं किट मिडवेला चालत नाही. एसबीडी-३ च्या इंजिनाच्या टोपावर हवेचं तोंड आहे, ५ ला ते नाही. ३ ला वैमानिकासमोर दुर्बिणीसारखी नळी काचेतून बाहेर आलेली, ५ ला रिफ्लेक्टर साइट. डिकॅल बदलून हे झाकता येत नाही.

मिडवे बेटावरून उडालेल्या मरीनच्या विमानांत मात्र एसबीडी-२ होती, आणि जुनी व्हिंडिकेटरही. फायटरमध्येही तोच फरक. जहाजांवर एफ४एफ-४ (वाइल्डकॅट), म्हणजे सहा मशीनगन आणि दुमडणारे पंख. बेटावर बफेलो आणि थोडी एफ४एफ-३, ती चार मशीनगनची, न दुमडणाऱ्या पंखांची.

सुकाणू

दुर्बिणीच्या नळीचा विषय निघालाच आहे तर, पुढच्या काचेला भोक पाडताना ती तडकते. पारदर्शक प्लॅस्टिक कडक आणि ठिसूळ असतं. दोन्ही बाजूंनी टेप लावा, ड्रिल हातातल्या पिन-व्हाइसनेच, बाहेरून आत, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे. ०.४ पासून एक-एक पायरी वाढवत जा. मोटरचं ड्रिल लावलं की काच वितळून भोकाभोवती पांढरी कडा धरते, ती नंतर जात नाही.

काचा बसवायला सुपरग्लू वापरू नका. त्याच्या वाफेने आतून पांढरी साय धरते आणि मग सगळं उचकटावं लागतं. साधा फेव्हिकॉल टूथपिकने लावा. वाळल्यावर पारदर्शक होतो आणि कडेची फटही भरून काढतो.

घारघर

काचांच्या चौकटींबद्दल. डॉन्टलेस आणि डेव्हास्टेटर दोघांच्या काचा लांबलचक, चौकटी भरपूर. मास्क करून झाल्यावर आधी बाहेरूनच इंटिरियर ग्रीन मारा, त्यावर ब्लू ग्रे. आतून बघताना चौकटीची आतली बाजू हिरवी दिसते. आतून ब्रशने रंगवायची गरजच पडत नाही.

डेव्हास्टेटरची दोन वैशिष्ट्यं. पंखावरचा पत्रा नालीदार आहे, त्यामुळे तिथला सांधा पॉलिश पेपरने घासता येत नाही, नाल्या सपाट होतात. सांधा बसवायचाच असा की पुट्टी लागू नये. कोरडं जोडून बघा, आतल्या खुंट्या छाटा, कडा जुळल्या की पातळ गोंद केशाकर्षणाने आत जाऊ द्या आणि बाहेर आलेलं प्लॅस्टिक दुसऱ्या दिवशी पात्याच्या टोकाने नालीच्या दिशेनेच खरवडा.

दुसरं, माणसं. विमान तिघांचं, पण टॉर्पेडो टाकायला बॉम्ब टाकणारा लागत नाही. टॉर्पेडो एटच्या १५ विमानांत ३० माणसं होती, वैमानिक आणि मागे रेडिओमन-गनर. मधली सीट रिकामी. ती पंधराही विमानं पडली आणि तीसपैकी एकटा जॉर्ज गे वाचला. किटमध्ये तीन पुतळे मिळाले म्हणून तिन्ही बसवू नका. ती रिकामी सीट स्वच्छ दिसली पाहिजे, म्हणून मधली काच उघडी ठेवण्यासारखी आहे.

टॉर्पेडो मार्क १३ पोटात अर्धा बुडालेला, नाक किंचित खाली. नाकावरचं लाकडी पिंप आणि शेपटीचं गोल कडं नंतरच्या वर्षांचं आहे, ते लावायचं नाही.

करडानिळा

जपानी बाजूकडे येऊया. झीरोचा रंग पांढराही नाही आणि शुद्ध करडाही नाही. करड्यात हिरवट-पिवळसर झाक आहे. तामियाचा एक्सएफ-७६ त्याच्या जवळ जातो. १/७२ ला सरळ बाटलीतला मारला तर गडद वाटतो, म्हणून १० भागांत १ भाग पांढरा घालावा. इंजिनाचा टोप निळसर काळा, पूर्ण काळा नको. कॉकपिटला एक्सएफ-७१. पंख्याची पुढची बाजू चांदीसारखी, मागची तपकिरी, टोकाशी दोन लाल पट्टे.

त्या महिन्यात जहाजांवरची झीरो मुख्यतः मित्सुबिशीची. त्यांच्या धडावरच्या लाल सूर्याला पांढरी किनार नाही. किनार नाकाजिमाने बनवलेल्या विमानांना. डिकॅल शीटवर दोन्ही येतात, बघून घ्या. धडाच्या मागच्या पट्ट्यांसाठी पर्ल हार्बरच्या वेळी अकागीला एक लाल, कागाला दोन लाल, सोर्यूला एक निळा, हिर्यूला दोन निळे अशी पद्धत होती. पण पर्ल हार्बरची शेपटीवरची अक्षरं जशीच्या तशी मिडवेला चिकटवू नका. मिडवेचं म्हणून छापलेलं शीट घ्या.

तळेगावकर

पंखांची टोकं विसरू नका. झीरोच्या या मॉडेल २१ ची टोकं ५० सेंटिमीटर वर दुमडतात, १/४८ ला १०.४ मिमी. हँगरमधलं किंवा लिफ्टवरचं विमान असेल तर दुमडा, उडायच्या तयारीतलं असेल तर सरळ.

आणि एक मतभेद नोंदवतो. झीरोवर सर्रास चांदीचे चट्टे उडवायची पद्धत पडली आहे. ती बेटांवर उघड्यावर राहिलेल्या, नंतरच्या हिरव्या विमानांची. जून १९४२ मध्ये या चार जहाजांवरची झीरो नीट सांभाळलेली, रंग घट्ट आणि किंचित चमकदार. चट्टे फार तर पंखाच्या मुळाशी, जिथे मेकॅनिक पाय देतो, आणि टोपाच्या खिळ्यांपाशी. मॅट कोटऐवजी सेमी-ग्लॉस द्या.

मृणाल_प

पूर्ण सहमत. याच मोहिमेत अल्यूशियन बेटांकडे गेलेल्या र्‍यूजो जहाजाचं एक झीरो अकुतान बेटावर उलटलं आणि जवळजवळ अख्खं अमेरिकनांच्या हाती लागलं. त्याचे सापडल्यावेळचे फोटो बघा. महिनाभर दलदलीत पडूनही रंग सोललेला नाही.

डॉन्टलेससाठी असाच आधार म्हणजे बी-१५ चा फोटो. बॉम्बिंग सिक्सचं हे विमान कागावरच्या हल्ल्यानंतर यॉर्कटाउनवर उतरलं, आडव्या शेपटीला गोळ्यांची भोकं आहेत. नुकसान दाखवायचंच असेल तर ते असं एकाच जागी, कारण असलेलं. भोक पाडताना प्लॅस्टिक मागून ब्लेडने कागदाइतकं पातळ करा, मग सुईने टोचा. कडा आपोआप फाटलेल्या पत्र्यासारख्या उठतात. जाड प्लॅस्टिकला तापलेली सुई लावली तर कडेला वितळलेला गोळा राहतो, तो पत्रा वाटत नाही.

खलाशी४२

रंगाच्या दिवसांबद्दल कोकण-मुंबईकरांसाठी. पावसाळ्यात लॅकर मारला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि ग्लॉस दुधाळ होतो. लेव्हलिंग थिनर वापरा, तो सावकाश उडतो. दुधाळ झालंच तर त्याच थिनरचा नुसता धुक्यासारखा हात फिरवा, बऱ्याचदा निवळतं. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर फक्त एअरब्रश धुवायला. मॉडेलवर गेलं तर प्लॅस्टिक खातं, पॅनलच्या रेषा विरघळतात.

तामिया अॅक्रिलिकला एकास एक थिनर, ०.३ चं नोझल, १५ ते १८ पीएसआय. रंग खडबडीत बसला तर तो वाटेतच वाळतोय : जवळ या, दाब कमी करा, थिनर वाढवा.

डिकॅलखाली चांदीसारखी चमक राहते ती मॅटवर लावल्यामुळे. आधी ग्लॉस, मग डिकॅल, मग सॉफ्टनर (डिकॅल मऊ करून बसवणारा द्रव), मग मॅट. राहिलीच तर सुईने दोन-तीन टोचे देऊन पुन्हा सॉफ्टनर.

घारघर

अँटेनाची तार : स्प्रूचा दहा सेंटिमीटरचा तुकडा निरांजनाच्या ज्योतीवर, ज्योतीत नव्हे, बोटभर वर धरून फिरवत राहा. मध्ये झोळ पडून चकाकायला लागलं की बाजूला घ्या, एक श्वास थांबा, मग ओढा. लगेच ओढलं तर केसापेक्षा बारीक होऊन तुटतं, उशीर केला तर ओढलंच जात नाही. ०.१ मिमीच्या आसपासचा भाग कापून घ्या. एक टोक सुपरग्लूने चिकटवून पूर्ण वाळू द्या, मगच दुसरं. शेवटी विझवलेल्या अगरबत्तीचं गरम टोक खालून नुसतं जवळ न्या, तार ताठ होते.

नवनाविक

डेकचा तुकडा करून त्यावर डॉन्टलेस आणि झीरो वेगवेगळे ठेवायचेत. फळ्या दोन्हीकडे सारख्याच का?

सुकाणू

नाही, आणि हा फरक लांबूनही कळतो. अमेरिकन जहाजांवर डेकच्या फळ्या आडव्या, म्हणजे विमान धावतं त्या दिशेला काटकोनात. जपानी जहाजांवर उभ्या, लांबीच्या दिशेने. अमेरिकन डेकवर फळ्यांच्या मध्ये ठरावीक अंतराने विमान बांधायच्या धातूच्या पट्ट्याही आडव्याच.

सहा इंची फळी धरली तर १/४८ ला ३.२ मिमी, १/७२ ला २.१ मिमी. बाल्सा नको, त्याचे तंतू मोठे दिसतात. आइस्क्रीमच्या काड्या किंवा बासवुडच्या पट्ट्या घ्या. फळ्या चिकटवण्याआधी सुट्या रंगवा, तीन छटांत : मूळ निळा-करडा, त्यात थोडा पांढरा, त्यात थोडा तपकिरी. मग मिसळून लावा. चिकटवल्यानंतर रंगवलं तर गोंद लागलेल्या जागी लाकूड रंग पीत नाही आणि फिकट डाग उठतात. जपानी डेकला निळा नको, उन्हात विटलेलं लाकूडच ठेवा. आणि विमान बसवण्याआधी टायरचा खालचा भाग काचेवरच्या पॉलिश पेपरवर दोन-तीनदा टेकवून किंचित सपाट करा. डॉन्टलेस बॉम्ब धरून उभं आहे, त्याचं वजन टायरवर दिसलं पाहिजे.